पुलावर कुणी एकटंच बराच वेळ उभं दिसलं तर

नमस्कार मंडळी. तुमच्या गावात नदीवर पूल असेल तर त्याच्या कठड्याला उंच जाळी बसवलेली बघितली असेल तुम्ही. ती बहुतेक ठिकाणी कशासाठी, तर लोकांनी निर्माल्याच्या पिशव्या नदीत टाकू नयेत म्हणून. चांगलंच आहे, नदी स्वच्छ राहायलाच पाहिजे, आणि तरीही काही वीर त्या जाळीच्या वरून पिशवी अशी भिरकावतात की यांना क्रिकेट टीममध्ये कसं कुणी घेतलं नाही असं वाटतं. असो. तर हीच जाळी माणसाचा जीवपण वाचवते, आज त्याबद्दल बोलायचंय. विषय आत्महत्येचा आहे, पण चॅनल बदलू नका.

कारण हे बोललं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "अहो, ज्याला जायचंय तो जाणारच, इथे अडवाल तर दुसरीकडे जाईल." मंडळी, हे खरं नाही. परत सांगतो, हे खरं नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला गोल्डन गेट पूल आहे, १९३७ सालचा. तिथे १९३७ ते १९७१ या काळात ज्यांना ऐनवेळी अडवलं अशा ५१५ लोकांचं पुढे काय झालं ते सिडन नावाच्या संशोधकाने शोधून काढलं आणि १९७८ मध्ये मांडलं. १०० पैकी साधारण ९४ लोक एकतर जिवंत होते नाहीतर नैसर्गिक मरणाने गेलेले. ती ऊर्मी दूध उतू जाण्यासारखी असते, तेवढा क्षण गॅस बारीक झाला की खाली बसते. हे एवढं कळलेलं असून त्या पुलाखाली पूर्ण जाळी लागायला २०२४ उजाडलं! आपण उगाच आपल्याच महापालिकेला नावं ठेवतो.

आपल्या मंत्रालयातही २०१८ मध्ये आत जाळी लावली. मग लोक आंदोलन म्हणून त्या जाळीवरच उड्या मारायला लागले, २०२४ मध्ये तर खुद्द विधानसभेचे उपाध्यक्ष आणि काही आमदार त्या जाळीवर उतरले. हसू येतं, पण मला विचाराल तर जाळीने तिचं काम केलं, आता वरच्या मजल्यावरच्या टेबलांनी त्यांचं काम करायला हवं.

आणि टेबलावरूनच मला ती गोष्ट आठवते, मी ही कुठेही संधी मिळाली की सांगतो, ज्यांनी आधी ऐकलीय त्यांनी परत ऐका.

जपानमध्ये फुकुई नावाचा प्रांत आहे, तिथे समुद्राला लागून तोजिनबो म्हणून उंच कडे आहेत. टुरिस्ट स्पॉट एकदम, बसेस भरून लोक येतात, फोटो काढतात, खातात-पितात. पण त्या जागेचं नाव दुसऱ्या कारणानेही खराब झालेलं. तिथल्या पोलीस ठाण्यात युकिओ शिगे नावाचे अधिकारी होते, रिटायरमेंटला आलेले. २००३ मध्ये गस्त घालताना त्यांना एक म्हातारं जोडपं बसलेलं दिसलं, टोकियोहून आलेलं, कर्जात पार बुडालेलं. अंधार पडायची वाट बघत होते दोघं. शिगेंनी त्यांच्याशी बोलून बोलून त्यांना परत आणलं आणि नियमाप्रमाणे तिथल्या सरकारी मदत कार्यालयाच्या हवाली केलं. झालं, जीव वाचला, फाईल बंद. कार्यालयाने काय केलं, तर हातावर थोडे प्रवासाचे पैसे ठेवले आणि पुढच्या गावाला जा म्हणाले. पुढच्या गावातही तेच. आपल्याकडे नाही का, हे काम आमच्याकडे नाही, त्या खिडकीवर जा, आणि त्या खिडकीवर साहेब जेवायला गेलेले. थोड्याच दिवसांत ते दोघं गेले. त्यांनी शिगेंना लिहिलेलं पत्र नंतर येऊन पोचलं.

ते पत्र वाचून हा माणूस रिटायर झाल्यावर घरी बसला नाही. २००४ मध्ये त्या कड्यांजवळच एक छोटं दुकान थाटलं आणि सोबत स्वयंसेवक जमवले. तिथल्या काही व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, जागेची बदनामी होते म्हणून, पण शिगे दुर्बीण गळ्यात अडकवून रोज फेऱ्या मारत राहिले. ते बघतात कुणाला? ज्याच्या हातात कॅमेरा नाही, खरेदीची पिशवी नाही, एकटाच आहे, मान खाली आहे आणि बराच वेळ एकाच जागी आहे. अशा माणसाजवळ जाऊन ते भाषण ठोकत नाहीत, नुसतं नमस्कार म्हणतात. मग हळूच दुकानात घेऊन येतात आणि समोर मोची ठेवतात, म्हणजे तांदूळ कुटून केलेला मऊ गोळा, वर किसलेला मुळा. जपानी घरात नवीन वर्षाला सगळे मिळून मोची करतात, त्यामुळे तो घास तोंडात गेला की माणसाला आईबाप, भावंडं, आपलं घर आठवतं आणि कित्येक जण तिथेच रडायला लागतात. आपल्याकडे कुणी समोर गरम पुरणपोळी ठेवली तर काय होईल, विचार करा.

पण खरी गोष्ट मोची संपल्यावर सुरू होते. कर्ज असेल तर शिगे वकिलाकडे घेऊन जातात, साहेब छळत असेल तर साहेबाशी बोलतात, घर नसेल तर राहायची सोय बघतात. पुढच्या खिडकीवर जा म्हणत नाहीत. असे ६०० च्या वर लोक वाचवलेत त्यांनी आणि त्यांच्या माणसांनी.

म्हणून मी म्हणतो जाळी हवीच, मुंबईच्या मेट्रो ३ ला फलाटावर काचेचे दरवाजे आहेत तसे दरवाजे जमेल तिथे हवेत, पण तिथे रोज उभा असणारा माणूसही हवा. आणि आपल्याकडे सुशोभीकरण म्हटलं की पहिली गदा येते चहाच्या टपरीवर! अहो, कोण किती वेळ उभं आहे हे टपरीवाल्याला कळतं, सीसीटीव्हीचं फुटेज आपण नंतर बघतो. टपरीवाले, रिक्षावाले, स्टेशनचे हमाल, सफाईवाल्या मावशी यांनाच अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग द्या ना. ऑगस्ट २०२४ मध्ये अटल सेतूवर एका बाईंना ट्रॅफिक पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं ते एका कॅब ड्रायव्हरने.

तुम्हाला असं कुणी दिसलं तर लांबून व्हिडिओ काढू नका, जवळ जा, "दादा, बरं वाटत नाहीये का?", "ताई, चला चहा घेऊ," एवढंच पुरे. जीव द्यायचा विचार येतोय का हे सरळ विचारलं तरी चालतं, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. पोलीस केसच्या भीतीने गप्प बसू नका, जीव द्यायच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या न्याय संहितेत ठेवलेलं नाही. त्या माणसाला एकटं सोडू नका, तातडीचं असेल तर ११२ लावा. आणि टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. नंबर १४४१६. ऐकताना तुमच्याच मनात असं काही चाललं असेल तर तुम्हीही हाच लावा, आत्ता लावला तरी चालेल. पेन घ्या, परत सांगतो, एक चार चार एक सहा.