फरदडीचा निरोप वावरापर्यंत कसा जातो

[दृश्य : ग्रामपंचायतीचा फलक, त्यावर पत्रक]

"कामगंध सापळ्यातील पतंगांनी आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्यास उपाययोजना करावी." कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीची पत्रकं साधारण याच भाषेत येतात. चूक काहीच नाही, पण पातळी म्हणजे किती, हे पारावर बसलेल्याला कळत नाही. संदेशवहनाचं गणित मांडणारे क्लॉड शॅनन यांनी 1948 साली गोंगाटाचा विचार केला तो तारेतून जाणाऱ्या संदेशासाठी. जनसंपर्कवाल्यांना इथं शब्दांचाच गोंगाट निस्तरायचा असतो. तेच पत्रक असंही लिहिता येतं : मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे सापळे एकरी 2 लावा. एका सापळ्यात रोज 8 पतंग, असं सलग 3 रात्री झालं, की फवारणीची वेळ आली.

[दृश्य : कृषी केंद्राचं दुकान, खरिपाची गर्दी]

भाषा सोपी झाली, तरी निरोप मानायचा कुणाचा, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेत आयोवातल्या 259 शेतकऱ्यांचा समाजशास्त्रज्ञ रायन आणि ग्रॉस यांनी केलेला अभ्यास 1943 साली छापून आला. मक्याच्या संकरित बियाण्याची पहिली खबर सर्वाधिक जणांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचं मनावर घेतलं ते शेजाऱ्याचं ऐकून. आपल्याकडे तो विक्रेता म्हणजे कृषी केंद्राचा दुकानदार. मोहिमेत त्याला आधी बसवून घ्यावं. नाहीतर सभेत सांगितलेलं एक आणि दुकानात हातात पडलेली बाटली दुसरीच.

शेजारी निवडताना बहुतेक मोहिमा चुकतात. ठिबक, विहीर, पुरस्कार असलेला शेतकरी निवडला, की लोक म्हणतात, "त्याचं काय बुवा, त्याच्याजवळ पाणी हाये." नवं सर्वांत आधी करून पाहणाऱ्यांना, नवं कसं पसरतं याचे अभ्यासक एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 साली 2.5 टक्क्यांत बसवलं. गाव पाहतं ते त्यांच्या मागच्या 13.5 टक्क्यांकडे. इथं तो माणूस म्हणजे पाच एकर कोरडवाहूवाला, ज्याला लोक पेरणीआधी विचारून घेतात.

[दृश्य : बोंड फोडणारे हात, अगदी जवळून]

प्रात्यक्षिक त्याच्याच वावरात. एकरातून फिरत 20 वेगवेगळ्या झाडांवरची हिरवी बोंडं तोडायची, शेतकऱ्यानंच फोडायची. अळी आत शिरताना पाडलेलं छिद्र बुजून जातं, त्यामुळे बोंड बाहेरून ठणठणीत दिसतं. आत पाकळीच्या, म्हणजे बोंडातल्या कप्प्याच्या, पडद्याला भोक, सरकी पोखरलेली. 20 पैकी 2 बोंडांत अळी निघाली, तर 10 टक्के. आता फवारणीला थांबायचं नाही. पिशवीतून आणलेली बोंडं दाखवू नयेत. ती दुसऱ्याच्या वावरातली, असं म्हणून लोक मोकळे होतात. आणि हो, संध्याकाळच्या सभेला सातबाऱ्यावरचे पुरुष येतात. किडीनं खराब झालेला कवडी कापूस आधी हाताला लागतो तो वेचणाऱ्या बायांच्या.

[दृश्य : डिसेंबर, ओलित केलेली पऱ्हाटी]

सगळ्यात अवघड निरोप फरदड टाळण्याचा. फरदड म्हणजे हंगाम सरल्यावरही राखलेली पऱ्हाटी, कपाशीची झाडं. पाणी देऊन पऱ्हाटी उभी ठेवली, की अळीला पुढेही खायला मिळतं आणि ती पुढच्या हंगामात उतरते. शेतकऱ्याला हे ठाऊक असतं. तो विचारतो, "दोन वेचे बाकी हायेत, उपटू कशी?" जनसंपर्काचे अभ्यासक ग्रूनिग आणि हंट यांनी 1984 साली जनसंपर्काचे चार प्रकार सांगितले. पहिले दोन कोतवालाच्या दवंडीसारखे एकतर्फी. मनं वळवण्यापुरतं ऐकणं, हा तिसरा. चौथ्यात कृषी कार्यालयालाही हलावं लागतं : पऱ्हाटी काढ म्हणायचं, तर हरभऱ्याचं बियाणं तेव्हा गावात हवं. म्हणून सभेत एक वही ठेवावी. प्रश्न काय, उत्तर कोण देणार, कोणत्या तारखेला. तारीख चुकली, की पुढच्या सभेला सतरंजीच रिकामी.

पत्रकं किती वाटली, याची नोंद फाइलपुरती. खरी मोजणी जानेवारीत शिवारफेरी करून : कोणतं वावर मोकळं झालं, कुठं पऱ्हाटी उभी आहे, आणि का. फेरीत घरामागचे ढीगही पाहावेत. जळणासाठी रचलेल्या पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांतही अळी टिकून राहते, आणि पत्रकातून नेमकी हीच ओळ सुटते.