बागेतल्या रेल्वेचे रूळ: स्वस्त कुठे घ्यावे आणि कुठे घेऊ नये

पडद्यावर दिसणारा हा पितळी रुळांचा तुकडा 300 मिलिमीटर, म्हणजे साधारण फूटभर लांबीचा आहे. त्यातील दोन रुळांमधले अंतर 45 मिलिमीटर असून खालचे तपकिरी स्लीपर प्लॅस्टिकचे आहेत. 1968 साली लेमान या जर्मन कंपनीने एलजीबी या नावाने घराबाहेर चालणाऱ्या छोट्या गाड्या बाजारात आणल्या आणि तेव्हापासून पितळी रूळ हीच बागेतल्या रेल्वेची ओळख होऊन बसली. मात्र पितळ महाग आहे आणि बागेतला एक साधा फेरासुद्धा बघता बघता 30 मीटर होतो. त्यामुळे बहुतेक हौशी माणसे रुळांच्या किमतीपाशीच थबकतात.

किंमत पाहण्याआधी ठरवायचे ते हे, की इंजिनाला वीज रुळांतून द्यायची आहे की नाही. इंजिन बॅटरीवर आणि रेडिओ नियंत्रणावर चालणार असेल, किंवा खऱ्या वाफेचे असेल, तर रुळाचे काम फक्त वजन पेलण्याचे आणि चाकांना वाट दाखवण्याचे उरते. अशा वेळी ॲल्युमिनियमसारखा सोयीचा धातू नाही. त्याची घनता पितळेच्या जेमतेम एक तृतीयांश आहे, त्यामुळे त्याच आकाराच्या रुळाला वजनाने फारच कमी धातू लागतो आणि तो मोजपट्टीवर ठेवून साध्या करवतीनेही कापता येतो. ॲल्युमिनियम हा मुळात पितळेपेक्षा चांगला वीजवाहक आहे, पण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, वीज अडवणारा थर बसतो आणि चाकांना वीज मिळेनाशी होते. पितळही काळवंडते, परंतु अधूनमधून पुसले की वर्षानुवर्षे काम देते. पुसल्यावर फडक्यावर उमटणारा काळा पट्टा पाहून दचकण्याचे कारण नाही. स्टेनलेस स्टील फारसे पुसावे लागत नाही, मात्र पितळेच्या मानाने ते वीज कितीतरी कमी वाहून नेते आणि वाकवताना हाताची परीक्षा पाहते. जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू, या दोहोंच्या मधले आहे, नावात चांदी असली तरी त्यात चांदी नसते.

इथे हिशेब थोडा उलटा करून पाहावा लागतो. बॅटरी आणि रिसीव्हरचा खर्च प्रत्येक इंजिनामागे होतो, तर पितळेचा खर्च प्रत्येक मीटरमागे. दोनच इंजिने आणि लांबलचक मार्ग असेल, तर ॲल्युमिनियमचे रूळ आणि बॅटरी हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो. दहा इंजिने आणि अंगणापुरता छोटा फेरा असेल, तर जुने पितळच परवडते. दुकानात नेमका हाच हिशेब मांडला जात नाही.

रुळाची उंची हा दुसरा मुद्दा. रुळांच्या नावापुढचा कोड म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली उंची असते. कोड 332 चा रूळ सुमारे 8.4 मिलिमीटर उंच असतो, तर कोड 250 चा 6.35 मिलिमीटर. कमी उंचीत धातू कमी, म्हणून खर्चही कमी, शिवाय खऱ्या रेल्वेशी त्याचे प्रमाणही अधिक जुळते. मात्र बागेत झाडांना पाणी घालणारा माणूस कधी ना कधी रुळावर पाय देणारच. तिथे उंच पितळी रूळ तग धरतो, तर बारीक ॲल्युमिनियमचा रूळ वाकतो.

आता कॅमेरा सांध्यापाशी जाऊ या. फूटभर लांबीचे तुकडे जोडून 30 मीटरचा फेरा पुरा करायचा तर 100 तुकडे आणि दोन्ही रुळांचे मिळून 200 सांधे होतात. दीड मीटरचे सुटे रूळ आणून ते स्लीपरच्या पट्ट्यांत स्वतः ओवले, तर हेच सांधे 40 वर येतात आणि पैसेही वाचतात. प्रत्येक सांधा हे वीज अडण्याचे आणि घाण साचण्याचे ठिकाण असते. तरीही सांध्यात फट ठेवावीच लागते, कारण तापमान 30 अंशांनी वाढले की 10 मीटर पितळ जवळजवळ 6 मिलिमीटर लांबते आणि ॲल्युमिनियम सुमारे 7. थंड सकाळी फट न ठेवता जोडलेला रूळ दुपारी बाजूला फुगलेला दिसतो. ॲल्युमिनियमच्या रुळांना पितळी स्क्रू लावणे मात्र टाळावे, कारण ओलावा असला की दोन धातूंच्या संपर्कात ॲल्युमिनियम खंगत जाते.

स्लीपरच्या बाबतीत काटकसर करू नये. उन्हाला न टिकणारे प्लॅस्टिक काही हंगामांत पांढुरके आणि ठिसूळ होते, आणि रूळ धरून ठेवणारे बारीक आकडे एकेक करून तुटतात. वापरलेले रूळ घेताना धातूच्या रंगापेक्षा हे आकडे नखाने दाबून पाहावेत. पॉइंट, म्हणजे गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणारे रुळांचे भाग, हेही चांगलेच घ्यावेत, गाड्या सर्वाधिक तिथेच घसरतात.

वापरलेल्या मालात सर्वांत स्वस्त मिळतात ती 600 मिलिमीटर त्रिज्येची वळणे. बारा तुकड्यांत पूर्ण वर्तुळ होणारी ही वळणे सुरुवातीच्या संचातून येतात आणि लांब इंजिने घेतली की मालकांना नकोशी होतात. पितळ असल्याने ती वाया जात नाहीत. रूळ वाकवण्याच्या यंत्रातून काढून त्यांची त्रिज्या दुप्पट केली, तर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा सुमारे 12 मिलिमीटर पुढे आलेला दिसेल. तेवढा भाग करवतीने कापावा आणि टोकाला उरलेली धार कानशीने घासून काढावी, म्हणजे जोडपट्टी अडखळत नाही.