आकड्यांच्या वाटा

[दृश्य: हातमोजे घातलेल्या दोन हातांत चौकोनी चिप. उजेड फिरतो तशी इंद्रधनुषी झाक सरकते.]

सिलिकॉनच्या गोल चकतीतून एरवी ढीगभर चिप कापून काढतात. ही मात्र अख्ख्या चकतीतून निघालेली एकच चिप. सेरेब्रास कंपनीची डब्ल्यूएसई-2, क्षेत्रफळ 46,225 चौरस मिलिमीटर, आत 8 लाख 50 हजार कोअर, म्हणजे गणित करणारे छोटे प्रोसेसर. घडवली न्यूरल नेटवर्कसाठी, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी. पण काही जणांनी तिच्यावर उष्णतेची, लाटांची, अणूंची गणितं चालवायला घेतली.

[दृश्य: चौकटीची वही. पेन्सिलीने काढलेले बाण, काही खोडलेले.]

त्या कामाची सुरुवात इथून होते. कीबोर्ड नंतर.

समजा, धातूचा पत्रा तापतोय. त्यावर बिंदूंचं जाळं टाकलं. प्रत्येक बिंदूचं पुढच्या क्षणाचं तापमान त्याच्या स्वतःच्या आणि चार शेजाऱ्यांच्या तापमानावरून निघतं. बेरजा-गुणाकार चुटकीसरशी होतात. वेळ खातं ते दूरच्या मेमरीतून आकडे आणणं-नेणं. या चिपवर प्रत्येक कोअरची मेमरी त्याच्या जवळच आहे आणि वाटा थेट चार शेजाऱ्यांकडे जातात. म्हणजे पत्रा चिपवर जसाच्या तसा अंथरता येतो.

अंथरतो माणूस. हे ठासून सांगायला हवं, कारण वेगाचं सगळं श्रेय चिपच घेऊन जाते.

[दृश्य: वहीचा कोपरा, अगदी जवळून. एका चौकटीत बारीक अक्षरांत बाइटांची बेरीज.]

एका कोअरच्या वाट्याला मेमरी 48 केबी. 32 बिटांचे जेमतेम 12 हजार आकडे मावतील एवढीच, आणि प्रोग्रॅमही त्यातच बसवायचा. म्हणून ही बेरीज. एका अ‍ॅरेचं, म्हणजे आकड्यांच्या रांगेचं, काम संपलं की त्याच जागेत दुसरा. प्रश्न त्रिमितीय असेल तर उभा स्तंभच्या स्तंभ एका कोअरकडे सोपवतात.

मग वाटा. चिपच्या सीएसएल या प्रोग्रॅमिंग भाषेत प्रत्येक वाटेला ‘रंग’ म्हणतात आणि असे रंग मोजून 24. एखाद्या रंगावरून आकडा आला की त्याला बांधलेलं काम जागं होतं. तिरका शेजारी हवा असेल तर सरळ वाटच नाही. आकडा आधी पूर्वेकडे, तिथून उत्तरेकडे. आणि काठावरच्या कोअरला एका बाजूला शेजारीच नसतो, त्याची तजवीज वेगळी.

[दृश्य: चिपची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरची काळी खिडकी. कर्सर लुकलुकतोय.]

एरर नाही. उत्तरही नाही. दोन कोअर एकमेकांच्या आकड्याची वाट बघत अडकलेत. 

[दृश्य: वहीतल्या बाणावरून फिरणारं बोट.]

पुन्हा वही. सम क्रमांकाच्या कोअरनी आधी पाठवायचं, विषम क्रमांकाच्यांनी घ्यायचं, मग उलट. ही पाळी कुठेतरी चुकली आहे. ती शोधायची बाणामागून बाण तपासून, दुसरा रस्ता नाही.

[दृश्य: पडद्यावर पत्र्याच्या मधोमध लाल ठिपका. तो पसरत जातो. बारा सेकंद निवेदन नाही.]

चिपवरचं हे गणित 16 किंवा 32 बिटांत होतं. विज्ञानाला सवय 64 बिटांची. काही समीकरणांत उरलेली चूक जास्त अचूकतेने मोजून उत्तर पुन्हापुन्हा सुधारता येतं. सगळ्यांत नाही.

[दृश्य: टँटलमच्या अणूंचं सिम्युलेशन. ठिपके थरथरतात, हळूहळू जागा सोडतात.]

2024. टँटलम या धातूचे सुमारे 8 लाख अणू, एका अणूला एक कोअर. सँडिया, लॉरेन्स लिव्हरमोर आणि लॉस अलामोस या अमेरिकी प्रयोगशाळांचे संशोधक यात होते. फ्रंटियर या महासंगणकाच्या जीपीयूंवर, म्हणजे समांतर गणिताच्या चिपवर, सेकंदाला सिम्युलेशनची जेवढी पावलं पडत, त्याच्या 179 पट इथे पडली. धातूतले जे बदल इतके दिवस सिम्युलेशनच्या आवाक्याबाहेर होते, ते आवाक्यात आले.

पण पत्र्यावरचा बिंदू जागचा हलत नाही, अणू हलतो. कालचा शेजारी आज लांब गेलेला असतो. म्हणून गणित चालू असतानाच कोअर आपापसांत अणूंची अदलाबदल करतात, जवळचे अणू जवळच राहावेत म्हणून. ती अदलाबदलही कुणीतरी आधी आखलेली असते.

[दृश्य: वहीचं नवं पान. पहिला बाण.]