फामागुस्टा

[पडद्यावर: रणगाड्याचा बुरूज, अगदी जवळून]

नगर. आताचं अहिल्यानगर. इथल्या चिलखती दलाच्या केंद्रात एक सेंच्युरियन रणगाडा जपून ठेवलाय. नाव फामागुस्टा. खरं तर हे सायप्रसमधल्या एका बंदराचं नाव. आपल्याकडे ते माहीत आहे ते एका मुलामुळे.

मुलगाच म्हणायचं. परमवीर चक्राच्या मानकऱ्याला एरवी आपण ‘ते’ म्हणतो, म्हणायलाच हवं. पण लढाईला निघताना सामानात गोल्फच्या काठ्या भरणाऱ्या एकवीस वर्षांच्या पोराला अहो-जाहो करायला जीभ रेटत नाही. म्हणून इथे तो ‘तो’च राहील.

अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५०. वडील लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये. १९६७ साली तो खडकवासल्याच्या प्रबोधिनीत दाखल झाला, पुढे डेहराडूनला गेला आणि १३ जून १९७१ रोजी अधिकारी झाला. रेजिमेंट मिळाली १७ पूना हॉर्स. पेशवे आणि इंग्रज यांच्यात १८१७ साली झालेल्या तहातून उभी राहिलेली ही घोडदळाची पलटण. घोडे गेले, रणगाडे आले. नावातलं पुणं मात्र तसंच राहिलं.

१९७१च्या भारत-पाक युद्धाचे ढग जमले तेव्हा तो नगरलाच होता, तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाला. अभ्यासक्रम अर्ध्यावर टाकून रेजिमेंटकडे निघायचा हुकूम आला. गोल्फच्या काठ्यांबरोबर त्याने मेजवानीला घालायचा निळा गणवेशही घेतला. लाहोरमध्ये गोल्फ खेळू, आणि जिंकल्यावर जेवणाला नीट कपडे हवेत ना, असं म्हणाला होता, अशी आठवण सांगतात.

[पडद्यावर: शकरगड भागाचा नकाशा, बसंतर नदी]

१५ डिसेंबरची रात्र. बसंतरच्या पलीकडे आपलं पायदळ पोचलं होतं, रणगाडे अजून अलीकडेच होते. मध्ये सुरुंग पेरलेली जमीन. इंजिनिअर्स अंधारात एकेक सुरुंग काढत होते आणि काम निम्म्यावर आलं होतं. तेवढ्यात पलीकडून निरोप आला, शत्रूचे रणगाडे हलताना दिसताहेत. पूना हॉर्सने पूर्ण वाट मोकळी व्हायची वाट पाहिली नाही. उरलेल्या सुरुंगांमधूनच रणगाडे घातले.

सकाळी जरपाल गावापाशी पाकिस्तानच्या १३ लान्सर्स या रणगाडा रेजिमेंटने धुराच्या आडून हल्ला चढवला. समोर पॅटन रणगाडे, संख्येने कितीतरी जास्त. तिथल्या स्क्वाड्रनने मदत मागितली आणि अरुण आपले रणगाडे घेऊन धावला. या चकमकीत शत्रूचे दहा रणगाडे पडले. त्यातले चार एकट्या अरुणने टिपले, असं त्याच्या मानपत्रात नोंदलंय.

मग त्याच्या रणगाड्याला, फामागुस्टाला, गोळा लागला. रणगाडा पेटला. वायरलेसवर हुकूम आला, बाहेर पड.

त्याचं उत्तर आलं: “नाही सर, मी रणगाडा सोडणार नाही. माझी तोफ अजून चालतेय.”

पुढचं वाक्य शत्रूला उद्देशून होतं, त्यात एक शिवीही होती. गौरवाच्या भाषणांतून ती हळूच गाळली जाते. कशाला गाळायची? पेटलेल्या रणगाड्यात बसलेला माणूस आणखी काय बोलणार!

दुसरा गोळा लागला, आणि अरुण गेला. अधिकारी होऊन सहा महिने आणि तीन दिवस झाले होते.

तारीख १६ डिसेंबर. त्याच दुपारी ढाक्यात शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पश्चिमेकडच्याही तोफा थांबल्या. देशभर जो विजय दिवस साजरा होतो, तो खेत्रपालांच्या घरात वेगळ्या कारणाने आठवतो.

[पडद्यावर: खडकवासला, खेत्रपाल परेड ग्राउंड]

खडकवासल्याच्या ज्या मैदानावरून छात्र संचलन करत बाहेर पडतात, त्याला आता त्याचं नाव आहे.

वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, मूळचे सरगोध्याचे. फाळणीत ते गाव पलीकडे राहिलं. २००१ साली, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, जन्मगाव एकदा बघावं म्हणून ते पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांचं आतिथ्य केलं निवृत्त ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी. अगदी घरच्यासारखं. आणि परत निघायच्या आधी एका रात्री त्या यजमानाने मनातलं सांगितलं: बसंतरला तुमच्या मुलासमोर १३ लान्सर्समधून मी होतो. तो माझ्या हातून गेला.

मुलाला मारणाऱ्याच्या घरी आपण जेवलो, झोपलो, हे त्या म्हाताऱ्या बापाला त्या क्षणी कळलं. पण तोही सैनिकच होता. तो उठून गेला नाही.

नंतर नासिरनी दोघांचा एक फोटो पाठवला. मागे त्यांनी अरुणबद्दल लिहिलं होतं, की आमचा प्रतिहल्ला आणि यश यांच्या मध्ये तो खडकासारखा उभा राहिला. त्याला ‘शहीद’ म्हटलं होतं. आणि लढाईची दोन्ही नावं लिहिली होती: आम्ही म्हणतो ते बारापिंड, आणि पूना हॉर्स म्हणते ते बसंतर.