तांब्याची तार, कोंबडीचं पीस

श्रोतेहो, नमस्कार.

ट्राउट मासा आपल्या सातारा-सांगलीत मिळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्याला बारा महिने गार, वाहतं पाणी लागतं. पाणी 20 अंशांच्या वर तापलं की त्याची तगमग सुरू होते, त्यामुळे मे महिन्यातली कृष्णा त्याला सोसायची नाही. इंग्रजांनी 1900 च्या सुमाराला तो काश्मिरात रुजवला, पुढे कुलूकडे, निलगिरीत, मुन्नारच्या डोंगरात. पण तो पकडायला जो फ्लाय लागतो, तो बांधायला शिकायचं तर आपल्याच घरातली खिडकी पुरते. आज त्याबद्दल बोलू.

फ्लाय म्हणजे गळाच्या छोट्या आकड्यावर पीस, दोरा, तार गुंडाळून त्याला किड्याचं रूप द्यायचं. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची भानगड नाही. ट्राउट बरंचसं खातो ते पाण्याखाली, दगडांच्या सांदीत वाढणारी किड्यांची पिल्लं. त्यांना निम्फ म्हणतात. नवशिक्यानं निम्फपासूनच सुरुवात करावी, असं माझं मत. पाण्यावर तरंगणारे फुलारलेले फ्लाय देखणे खरे, पण त्यांचा नाद नंतर करावा.

इंग्लंडात एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा नदीराखा होता. त्याचा ‘फेझंट टेल निम्फ’ आज जगभर चालतो. फेझंट म्हणजे कोंबडीच्या कुळातला लांब शेपटीचा पक्षी, त्याच्या शेपटीचं पीस यात लागतं. हा गडी दोरा वापरतच नव्हता. बारीक तांब्याची तार हाच त्याचा दोरा, तेच फ्लाय बुडवणारं वजन, आणि पिसातून डोकावणारी तिची लालसर झाक हा रंग. आता तांब्याची तार म्हटल्यावर आपल्याकडे कुणाला पत्ता विचारायला नको. मोटर भरून देणारं दुकान गावोगाव आहे. तिथं पंख्याची तार मागा, विहिरीवरच्या मोटरीची जाड पडते. राहिलं फेझंटचं पीस. ते इथं कुठलं? तांबूस गावठी कोंबडीच्या पंखातलं लांब पीस घ्या, काम भागतं. रानातल्या तितराच्या मागे मात्र लागू नका, त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

आकडा 12 नंबरचा घ्या. नंबर वाढला की आकडा बारीक होतो, हे दुकानात लक्षात ठेवा. आकड्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीनं दाबून टाका, म्हणजे बोटात रुतला तरी सहज निघतो. आकडा हॅन्डवाइसमध्ये, म्हणजे हातात धरायच्या छोट्या शिकंज्यात, वाकाशी घट्ट धरा. तार दांड्यावर एकसारखी गुंडाळा आणि पुढच्या अंगाला छातीसाठी थोडा फुगवटा करा. मग मागं येऊन पिसाचे चार तंतू टोकांनी बांधा. टोकं मागं जराशी बाहेर राहू द्या, ती किड्याची शेपटी. उरलेले तंतू तारेबरोबर पिळून पुढं गुंडाळत न्या. नुसतं पीस माशाच्या दातानं फाटतं, तारेत पिळलेलं टिकतं. फुगवट्यावर तंतू एकदा मागं, एकदा पुढं दुमडले की पाठ तयार होते.

हात चुकतो तो पुढं, आकड्याच्या नेढ्याशी. सगळं तिथंच दाटतं आणि मग तंगूस ओवायला जागाच राहत नाही. म्हणून पहिला वेढा घेतानाच नेढ्यामागं दोन वेढ्यांची जागा मोकळी सोडायची. बांधून झाला की फ्लाय चिमटीत धरून फिरवून बघा. पीस दांड्यावर गरगर फिरलं तर तारेला ताण कमी पडला. सरळ उलगडा आणि पुन्हा बांधा, तार कुठं जात नाही.

पन्नास रंगांची पेटी मागवण्याची घाई करू नका. एकच फ्लाय, एकाच मापाचा, डबी भरेस्तोवर बांधा. परीक्षा घ्यायला धरणातली चिलापी आहेच, तीही छोटा निम्फ उचलते. फक्त तिथल्या मच्छीमार सोसायटीला आधी विचारा, पाणी त्यांनी ठेक्यानं घेतलेलं असतं.

आणि खऱ्या ट्राउटसाठी हिमाचलात तीर्थन नदीवर जायचं ठरलं, तर मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथं मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ तो. बांधायला बसायचं तर तेच चार महिने धरा. मार्चच्या गाडीचं रिझर्वेशन मात्र आधी करून ठेवा, नंतर मिळत नाही.

नमस्कार.