जूनमधला बर्फ : भृगू तलावाच्या वाटेची तयारी

(साताऱ्यात मार्चअखेरीस डोंगरयात्रींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, जूनच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलमधल्या भृगू तलावापर्यंत चालत जायचे, असे इथल्या वीसेक जणांनी ठरवले आहे आणि तयारी कशी करावी हे सांगण्यासाठी तुम्ही मला बोलावले आहे. बूट कोणते घ्यावेत, सॅक केवढी असावी, हे सगळे मी सांगणारच आहे. पण त्याआधी एका शब्दाविषयी बोलायला हवे, कारण मी पाहिलेले बहुतेक बेत त्या शब्दापाशीच बिघडले. तो शब्द म्हणजे उन्हाळा.

साताऱ्याच्या माणसाला उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही. डोंगर पिवळे पडतात, कुठेतरी वणवा लागतो, करवंदे पिकतात, कासच्या तलावाचे पाणी काठ सोडून आत सरकते आणि मृग लागला की हे सारे एका पावसात पालटते. त्यामुळे ‘उन्हाळी ट्रेक’ म्हटले की टोपी, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पहाटेची सुरुवात एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. भृगू तलाव मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२५० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर उंच. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवावी आणि तिच्या माथ्यावर आपला अजिंक्यतारा मांडावा, तेव्हा कुठे त्या तळ्याच्या काठाची उंची गाठली जाते. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे आपण इथून निघताना घामाने चिंब असू, तेव्हा तिथून हिवाळा नुकता कुठे उठून निघालेला असेल, आणि एखाद्या दुपारी तो परत येऊन बसणार नाही याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

२०२४ च्या जूनच्या पहिल्याच आठवड्यात उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर काय घडले, हे तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. तेही उंच डोंगरातले तळेच. कर्नाटकातून गेलेला बावीस जणांचा गट तिथे हिमवादळात सापडला आणि त्यांतल्या नऊ जणांचा मृत्यू झाला. दूर इथे बसून त्यांच्या चुका काढण्याचा मला काहीही अधिकार नाही. मी ही घटना सांगते ती केवळ तारखेसाठी. त्यांनी निवडलेला आठवडा आणि आपण निवडलेला आठवडा एकच आहे.

आता उंचीचा हिशेब पाहू, कारण या वाटेवर खरी अडचण तोच उभी करतो. भृगू तलावाला ‘सोपा’ म्हणतात, आणि चालण्याच्या दृष्टीने ते खरेही आहे. वाट बहुतेक कुरणांतून जाते, तिथले गद्दी मेंढपाळ ज्या कुरणांना थाच म्हणतात त्यांच्यातून. पण मनाली सुमारे २,०५० मीटरवर, मनालीच्या वरच्या गुलाबा या ठिकाणापलीकडचा जोंकर थाचचा पहिला मुक्काम ३,२०० च्या आसपास, रोला खोलीचा दुसरा मुक्काम ३,८०० च्या आसपास, आणि तिसऱ्या दिवशी तळे. जगभरचे डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. या वाटेवरच्या नेहमीच्या आखणीत तो नियम पहिल्या दोन रात्रींतच मोडतो. हवेतला प्राणवायूचा वाटा वरही सुमारे २१ टक्केच असतो, पण तळ्याकाठी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास साठ टक्क्यांवर आलेला असतो, म्हणून प्रत्येक श्वासात हाती लागणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. शरीर याची सवय करून घेते, मात्र त्याला दिवस लागतात आणि ते दिवस आपल्याला तालमीने कमी करता येत नाहीत.

हे मी पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका वाटेवर माझा मामेभाऊ माझ्याबरोबर होता. यवतेश्वरचा घाट पळत चढणारा, साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनमध्ये धावलेला मुलगा. पहिल्या मुक्कामी त्याचे डोके दुखत होते, हे त्याने कोणालाही कळू दिले नाही, कारण गटात सर्वांत तयारीचा तोच समजला जाई. दुसऱ्या मुक्कामी संध्याकाळी तो जेवला नाही, मग दोनदा ओकला. रात्री नऊच्या सुमारास मी त्याच्या तंबूत गेले तेव्हा तो बुटाची नाडी बांधत बसला होता. नाडीची दोन्ही टोके हातात धरून तो त्यांच्याकडे नुसता पाहत होता. मी त्याला बाहेर घेतले, काठीने मातीत एक सरळ रेघ ओढली आणि टाचेला चवडा लावत तिच्यावरून चालायला सांगितले. तिसऱ्या पावलाला तो रेघेबाहेर गेला आणि माझ्या खांद्यावर कोसळला. मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण आहे. त्या मोहिमेच्या आयोजकांचे म्हणणे पडले की सकाळपर्यंत थांबावे, परतीचा दिवस ठरलेला आहे, वेळापत्रकात जागा नाही. आम्ही थांबलो नाही. चौघे जण दोन विजेऱ्यांच्या उजेडात त्याला धरून सुमारे सहाशे मीटर खाली आलो, आणि उजाडता उजाडता त्याने आपणहून चहा मागितला. यावर खाली उतरणे हाच खरा उपचार. गोळ्या आणि प्राणवायूची नळकांडी ही उतरण्याला दिलेली मदत. उंचीची सवय लवकर व्हावी म्हणून डायमॉक्स नावाची गोळी अनेक जण घेतात. ती घ्यावी की नाही, किती घ्यावी, हे आपापल्या डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा, आणि रक्तदाब, दमा किंवा हृदयाची काही तक्रार असेल तर तीही त्यांच्यापासून लपवू नका.

म्हणून माझी पहिली मागणी अशी आहे की आपल्या बेतात दोन रात्री वाढवा. एक मनालीतली, म्हणजे तिथे सलग दोन रात्री झोपायचे आणि मधल्या दिवशी थोडे उंच चढून परत खाली यायचे. दुसरी जोंकर थाच आणि रोला खोली यांच्यामधली, म्हणजे सहाशे मीटरची ती उडी दोन टप्प्यांत पडेल. शिवाय एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा, ज्याला काहीही काम नेमून दिलेले नाही. हवा बिघडली तर तो तंबूत बसून जाईल, नाही बिघडली तर मनालीत फिरण्यात जाईल. रजा पुरत नसेल तर दुसरे तळे निवडा. मंडी जिल्ह्यातला पराशर तलाव सुमारे २,७३० मीटरवर आहे, उत्तराखंडातला देवरिया ताल त्याहून खाली आहे, आणि दोन्ही अतिशय सुंदर आहेत.

बर्फाविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण सह्याद्रीत आपला त्याच्याशी कधी संबंध येत नाही. पहाटे बर्फ घट्ट असतो. बुटाचे टोक दोन-तीनदा आपटले की पायरी पडते आणि तिच्यावर पूर्ण भार देता येतो. दहा-अकरानंतर तोच बर्फ ओल्या साखरेसारखा होतो आणि पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत आत जातो. उघड्या पडलेल्या खडकाजवळ तर अधिक जपावे, कारण तापलेला दगड भोवतालचा बर्फ आतून वितळवतो आणि वरून सपाट दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली पोकळी असते. ओढ्यांवरच्या बर्फाचेही तेच. आणि तळे? कुलू खोऱ्यात अशी श्रद्धा आहे की देव इथे स्नानाला येतात म्हणून हे पाणी कधी पूर्ण गोठत नाही. जूनच्या आरंभी मात्र पुष्कळदा ते बर्फाखाली असते, आणि नवख्या माणसाला पांढरे मैदान कुठे संपले व तळे कुठे सुरू झाले हे कळतच नाही. पाणी चार अंश सेल्सियसला सर्वांत जड असते आणि त्याहून थंड पाणी वर राहते, म्हणून तळे वरून गोठते. सुटताना मात्र ते आधी काठाने सुटते, कारण तिथे पाणी उथळ आणि दगड तापलेले असतात. जिथून आपण फोटोसाठी पाऊल पुढे टाकतो, नेमका तिथलाच थर सर्वांत पातळ असतो. गटातल्या एकानेही तळ्यावर पाय ठेवायचा नाही, हे इथेच ठरवून घ्या.

सामानाचे लवकर आटोपते. जीन्स आणि सुती कपडे घरी राहू द्यात. ओले झालेले सुती कापड अंगातली ऊब ओढून घेते. अंगालगत घाम वाळवणारा थर, वर लोकर किंवा फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारे जाकीट. झोपण्याचे कपडे आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा आणि काही झाले तरी तो दिवसा काढू नका. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ऐंशी टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, म्हणून बाजूंनी बंद असलेला काळा चष्मा प्रत्येकाकडे हवा. तो नसेल तर माणूस संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळत बसतो. वर भूक मरते, म्हणून खाण्यात आपल्या जिभेचे काहीतरी घ्या. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिक्की, कंदी पेढे. जेवणाच्या ताटाकडे पाहवत नाही तेव्हाही पेढा घशाखाली उतरतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आणि वर पोचल्यावर तळ्यात साबण लावू नका, भांडी घासू नका, काही टाकू नका. त्या पाण्याला देवाचे मानणारी गावे खाली आहेत. ज्या साताऱ्याच्या नळाला कासच्या तलावाचे पाणी येते, त्या साताऱ्याच्या माणसाला याहून जास्त सांगण्याची गरज मला वाटत नाही.

तिकिटांचे म्हणाल तर गोवा एक्सप्रेस साताऱ्यात थांबते आणि थेट दिल्लीला जाते. तिथून मनालीला रात्रीची बस आहे. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते, तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीलाच बसावे लागेल. परतीचे तिकीट काढताना तो मोकळा दिवस धरूनच तारीख टाका. तो धरला नाही तर रोला खोलीच्या तंबूत, कोणाचे तरी डोके दुखत असताना, सगळ्यांच्या मनात गाडीची वेळ घोळत राहते.

परत फिरण्याची वेळसुद्धा आजच लिहून ठेवू या. पहाटे चारला निघायचे आणि सकाळी दहाला जिथे असू तिथून मागे वळायचे, मग तळे समोरच्या उंचवट्यामागे का असेना. दुपारनंतर ढग भरतात. दहा वाजता ही चर्चा नव्याने करायची नाही, आणि मागे फिरूया असे गटातल्या सर्वांत लहान माणसाने म्हटले तरी ते पुरेसे मानायचे. माझा मामेभाऊ त्या वर्षी तळे न पाहताच परतला. दोन वर्षांनी तो पुन्हा गेला, तीन रात्री जास्त घेऊन. तेव्हा काठाशी हातभर रुंदीची निळी पट्टी मोकळी झाली होती आणि मधला बर्फ अजून तसाच होता; त्याने पाठवलेला तो फोटो मी सोबत आणला आहे, तो आता तुमच्यात फिरवते.

येत्या रविवारी पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी भेटू. पाठीवर आठ किलो वजन, पायांत जूनमध्ये घालणार तेच बूट. चढताना शेजाऱ्याशी बोलता येईल एवढ्याच वेगाने जायचे आहे, आणि ज्याला धाप लागेल त्याने ती लपवायची नाही.