जुनी बॅटरी जाते कुठं?

इन्व्हर्टरची बॅटरी बसली की आपण नवी आणतो आणि जुनी भंगारवाल्याला देऊन टाकतो. आपल्या कोल्हापुरात राजारामपुरी असो नाहीतर उद्यमनगर, जुन्या बॅटरीला पैसे बरे येतात, कारण तिच्या वजनात अर्ध्याहून जास्त शिसंच असतं.

हे शिसं रीतसर कारखान्यात काढलं तर धुराला फिल्टर असतो, ॲसिडवर प्रक्रिया होते. पण कुणी आडोशाला बॅटरी फोडली, ॲसिड गटारीत ओतलं आणि प्लेटा भट्टीत टाकल्या तर? शिसं 327 अंशालाच वितळतं, साध्या कोळशावर होतं ते काम, म्हणून हा धंदा कुठंही सुरू होऊ शकतो. धूर हवेत गेला असं वाटतं पण त्यातली बारीक धूळ तिथल्याच मातीत बसते, काम करणाऱ्याच्या शर्टावर, केसांत बसते, आणि तो संध्याकाळी तसाच घरी येऊन पोराला उचलून घेतो.

लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या 4 ते 5 पट शिसं शोषून घेतं. ते रक्तातनं मेंदूत जातं, हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं. पोट दुखतं, रक्त कमी होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि सगळे म्हणतात पोरगं मठ्ठ आहे. फार वाईट वाटतं हे, कारण मेंदूचं झालेलं नुकसान नंतर भरून येत नाही. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, जागतिक आरोग्य संघटना हे स्पष्ट सांगते.

सेनेगलमधल्या थियारोय-सुर-मेरमध्ये लोक बॅटऱ्यांचं शिसं मातीतनं चाळून विकायचे. 2007-08 मध्ये तिथं काही महिन्यांत 18 मुलं दगावली.

जुन्या कॉर्डलेस फोनच्या, ड्रिलच्या बॅटरीत कॅडमियम हे दुसरं विषारी धातूद्रव्य असतं, ते मूत्रपिंडात 10 ते 30 वर्षं मुक्काम करतं. जपानात जिंझू नदीत खाणीतलं कॅडमियम उतरलं, भातात गेलं, आणि बायकांची हाडं ठिसूळ झाली. आपला जयंती नाला पंचगंगेलाच मिळतो, आणि खाली नदीकाठानं ऊस आहे, भाजीपाला आहे.

2022 च्या नियमांनुसार बॅटऱ्या परत घेऊन रिसायकल करायची जबाबदारी कंपन्यांची आहे. त्यामुळं जुनी बॅटरी ॲसिड न काढता, उभी ठेवून नवी घेताना दुकानदारालाच द्या. घरात कुणी या कामात असेल तर त्यांना कपडे कामावरच बदलायला सांगा, आणि पोराचं पोट सारखं दुखत असेल तर डॉक्टरांना बॅटरीच्या कामाचं आवर्जून सांगा, रक्तातलं शिसं तपासता येतं.